माझ्या दोन मोकळ्या जागा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फलक आहे, सोलापुरातल्या एका लहानशा मोटार थांब्यावरचा. सत्तरच्या दशकात पेंटर महादेवप्पांनी मला निळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत फक्त 'हून' आणि 'ला जाणारी गाडी' एवढंच लिहिलं. दोन्हींच्या आधी जागा मोकळी सोडून तिथे खिळे ठोकले. गावांच्या नावांच्या पत्र्याच्या पाट्या वेगळ्या होत्या. गाडी लागली की थांब्यावरचा नोकर धुळाप्पा त्या खिळ्यांना अडकवायचा आणि माझं वाक्य पुरं व्हायचं.

मला याची मोठी गंमत वाटे. मी तोच, पण पाटी बदलली की कधी बार्शीचा, कधी अक्कलकोटचा! फक्त माढ्याची पाटी लागली की शाळेच्या मुली हसायच्या. "'माढाला' काय? माढ्याला म्हणायचं!" आता पत्र्यावरचा 'ढा' वाकवायचा कसा, हे कोडं काही मला सुटेना.

एके दिवशी काशम्मा लगबगीनं आली. सांगोल्याला तिच्या लेकीला कळा सुरू झाल्याचा निरोप होता. प्रौढांच्या वर्गात ती नुकतीच वाचायला शिकली होती. बोट फिरवत तिनं मला वाचलं आणि ती कट्ट्यावर बसून राहिली. समोरची गाडी सुरू झाली.

धुळाप्पानं विचारलं, "अव्वा, कुटं जायाचं?"

"सांगोल्याला की."

"मग बसलाय का? हीच ती गाडी!"

"न्हाय रे. हितं लिवलंय, सांगोलाहून सोलापूरला. ही तितनं आल्याली हाय."

धुळाप्पानं वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पाट्या बरोबर होत्या, जागा उलट्या झाल्या होत्या! तोवर गाडी हलली होती. तो मागे धावत सुटला, फाटकात पत्रा बडवून त्यानं ती थांबवली. काशम्मा धापा टाकत चढली.

मी दिवसभर बेचैन होतो. तीच नावं, तेच खिळे, आणि अर्थ असा पार उलटा?

महादेवप्पांनी मला पुन्हा रंगवलं. आता 'हून' आणि 'ला' जाऊन मोकळ्या जागांआधी 'कुठून' आणि 'कुठे' असे शब्द आले. माढाही कसलीही मोडतोड न होता नीट बसू लागला. काही दिवसांनी काशम्मा परतली. "नात झाली रं! मी पोचले तवाच रडली बग," ती धुळाप्पाला म्हणाली. तेव्हापासून पाट्या अडकवल्या की तो चार पावलं मागे सरून मला मोठ्यानं वाचायचा.

पुढे गाड्यांची नावं पुकारणारा कर्णा आला आणि मी भिंतीला टेकलो. त्याचं दुःख नाही. पण मुलांनो, मोकळी जागा भरताना जरा थांबा. नाव नुसतं खरं असून भागत नाही, ते आपल्या जागी हवं. कारण वाचणारं माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून बसलेलं असतं.