स्वयंपाकघराच्या खिडकीखालची जागा

“ओळख ओळख, घरच्या धन्या, बर्फातून आलं, सांग ते कोण?”

लहानपणी ऐकलेला हा आवाज श्वास आत ओढत काढलेला होता. श्वास सोडताना माणसाचा आवाज त्याचा त्याचा असतो. आत ओढताना तो कुणाचाच राहत नाही. आमच्या शेतीकां गावात मि-कारेमच्या सणाची सोंगं अशीच बोलतात. मार्चमध्ये ईस्टरच्या आधीचा उपास अर्ध्यावर येतो, थंडी काही सरत नाही, तेव्हा गाव तोंड झाकून घरोघर फिरायला निघतं. सोंग दारातून आत येतं, चुलीपाशी बसतं. घरच्यांनी नाव ओळखलं तर मुखवटा काढावाच लागतो, आणि मुखवटा निघाला की खेळ संपला.

एक सोंग मात्र आमच्या दारातून कधीच आलं नाही. ते यायचं स्वयंपाकघराच्या खिडकीशी. तोंडावर पडद्याची जाळी, अंगात कोळ्यांचा मेणकापडी कोट. काचेवर टकटक झाली की बाबा खिडकी वर सरकवायचे आणि एकेक नाव घ्यायचे. “पोलितचा जो? नाही? मग पाद्रीबाबाच असणार, पोट बघा ना!” आम्ही भावंडं हसून लोळायचो. सोंग मान हलवायचं आणि बर्फातून निघून जायचं. आई त्या संध्याकाळी झाबेतमावशीकडे भजी तळायला गेलेली असायची. ती परतली की आम्ही सगळं तिला सांगायचो, आणि ती गार हात आमच्या गालांना लावत म्हणायची, “अगं बाई! यंदाही माझं हुकलं!”

मोठी झाल्यावर मी हॅलिफॅक्सला गेले आणि ते सोंग विसरूनही गेले.

यंदा ऑक्टोबरात मी घरी आले ती बाबांसाठी हीट पंप बसवून घ्यायला. आई जाऊन काही हिवाळे झाले होते. बाबांचं कंबरेचं हाड मोडून जुळलं होतं, पण कुऱ्हाड उचलणं आता व्हायचं नाही. आणि लाकूड फोडणार कोण? मी स्पष्टच सांगितलं होतं, “घर आपोआप ऊबदार राहिलं तर तुम्ही इथं. नाही तर हिवाळाभर माझ्याकडे, सातव्या मजल्यावर.” सातवा मजला म्हटल्यावर बाबा लगेच पंपाला हो म्हणाले होते.

आणि आता यंत्र दाराशी येऊन पडलं, तर त्यांना कुठलीच भिंत पसंत पडेना.

बसवायला आला होता मार्सेलचा रेमी. कमरेला हत्यारांचा पट्टा, तोंडाला दम नाही.

“काका, डोंगराकडच्या भिंतीचं नावच काढू नका. डोंगरावरून सुएत वारा सुटला की पंखा उलटा फिरेल, आणि यंत्र सापडेल समुद्रात.”

“मग समुद्राकडे लाव.”

“तिकडे खारं वारं. वर छपराचा उतार, बर्फ घसरला की थेट यंत्राच्या डोक्यावर. शिवाय थंडीत हे स्वतःवर जमलेला बर्फ वितळवतं, ते पाणी तुमच्या पायरीवर गोठणार. कंबर एकदा मोडून हौस भागली नाही वाटतं?”

“रेम्या, तुझा बाप होडी रंगवायचा तेव्हा निदान गप्प बसायचा!”

“म्हणूनच होडीला भोकं राहिली!”

उरली उत्तरेची तिकोनी भिंत. वाऱ्याला पाठ, वरून बर्फ पडत नाही, खाली पायवाट नाही. रेमीनं टेप लावली: भिंतीपासून वीतभर मोकळं, पुढे हवेला अंगण, खाली उंच लोखंडी घोडा, यंत्र बर्फाच्या वर राहील असा, आणि तो बोल्टनं काँक्रीटमध्ये आवळलेला. सगळं जमत होतं. यंत्र यायचं ते नेमकं स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

“तिथं नको,” बाबा म्हणाले.

“का?”

“आवाज होईल.”

“फ्रिज याच्यापेक्षा जास्त घुरघुरतो, काका.”

“मांजर बसतं तिथं.”

“मांजर गेलं की बाबा, आईच्याही आधी!” मी म्हणाले.

“दुसरं येईल.” त्यांनी डोंगराकडे मान केली. “आणि वारा. सुएत वळून येतो तिकडे.”

हे ऐकून आम्हाला हायसं वाटलं. आमच्याकडे कुणी कशाला नाही म्हणालं की आम्ही आधी वाऱ्याकडे बोट दाखवतो. लग्न मोडलं, वारा. गाय आटली, वारा. इथली माणसं छपरं साखळीनं बांधतात. त्यांना भीती म्हणजे वाराच वाटणार, दुसरं काय? रेमी गाडीतून आणखी जाड बोल्ट घेऊन आला. मी वाऱ्याला आड म्हणून फळ्यांचं कुंपण सुचवलं. रेमीनं घोडा उभा करून अंगाचा भार टाकून हलवून दाखवला. “बघा काका, घर उडेल, पण हे उडणार नाही.”

बाबा घोड्याकडे बघतच नव्हते. ते खिडकीखालची जमीन बघत होते.

मला काही कळेना. वाऱ्याचं तर सोडवून झालं होतं. आवाजाचं, मांजराचंही. एक कारण सोडवलं की दुसरं पुढे यायचं, आणि प्रत्येक कारण सांगताना बाबांचा चेहरा खोटं बोलणाऱ्या मुलासारखा व्हायचा. त्यांना इथं राहायचंच नाही की काय? माझ्या शब्दाखातर नुसते हो म्हणाले होते?

“ओदिल,” रेमी हळूच म्हणाला, “एक विचारू? मार्चमध्ये मी इथून जातो ना, तेव्हा काका या खिडकीखाली फावड्यानं बर्फ काढत असतात. कंबर मोडल्यावरसुद्धा. इथं ना दार, ना वाट. मला वाटलं, घराच्या पायाचा दगड बघत असतील.”

मी बाबांकडे वळले. “बाबा, इथं बर्फ कशाला काढता?”

ते यंत्राच्या खोक्यावर बसले. डोंगरावर ढग टेकला होता.

“रेम्या, हे जरा डावीकडे सरकत नाही का? कोठीच्या भिंतीशी?”

“सरकेल की. नळी थोडी लांब लागेल, एवढंच. हे आधी का नाही बोललात?”

“खिडकीपुढं माणूस उभा राहील एवढी जागा राहील ना?”

“दोन माणसं राहतील. पण उभं कोण राहणार आहे?”

बाबांनी आधी खिडकीकडे, मग माझ्याकडे बघितलं. मला एकाएकी जाळीचा पडदा आठवला, मेणकापडी कोट आठवला, गालांना लागणारे गार हात आठवले. पण एकात एक काही बसेना.

“मि-कारेमला या खिडकीशी यायचं ते,” मी म्हणाले. “ते कोण होतं, बाबा? तुम्हाला तर कधीच ओळखता आलं नाही.”

“पहिल्याच वर्षी ओळखलं होतं,” बाबा म्हणाले. “तुझी आई होती ती. नाव घेतलं असतं तर मुखवटा काढून आत आली असती, आणि पुढच्या वर्षी आली नसती. म्हणून मी गावातल्या सगळ्यांची नावं घेतली, तिचं तेवढं घेतलं नाही. आता बर्फ काढून ठेवतो. तिला कधी तरी वाटलं असेल का गं, की यानं मला ओळखावं?”