पानाची गुळगुळीत बाजू

बालवाडीची मिठाईची पेटी पोहोचवून चिझुरू परत आली, तेव्हा दुकानातली सकाळची गर्दी ओसरली होती. किनुए मागच्या खोलीत टेबलाशी बसून चहा पीत होती. किनुए ही तिची थोरली नणंद. योकोहामाला तिच्या सासरचंही मिठाईचंच दुकान होतं. नवरा गेल्यावर ते बंद झालं आणि हिवाळ्यात ती माहेरी, चिचिबुला, परत आली. मुलांच्या सणाआधी दुकानात कितीही हात असले तरी कमीच पडतात. आज पहाटे तिनेच बाह्या सावरल्या होत्या. मी काय पाहुणी आहे का, असं वर म्हणालीही होती.

चिझुरूच्या पोटात पहाटेपासून काही नव्हतं. तिने परातीतली एक जरा वाकडी झालेली काशिवामोची, सणाची पानात गुंडाळलेली मिठाई, उचलली, ओकचं पान सोलून काढलं आणि चावा घेतला. खारट-गोड चव जिभेला लागली. तिने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. आतलं पुरण पिवळट होतं.

तिने सोललेलं पान पुन्हा उचललं. गुळगुळीत बाजू बाहेर होती.

त्यांच्या दुकानात पुरणं दोन प्रकारची असत. एक अझुकीचं, म्हणजे बारीक लाल कडधान्याचं, दुसरं पांढऱ्या घेवड्यात मिसो घालून केलेलं. वरची तांदळाच्या उकडीची पारी दोन्हींना तीच, तितकीच पांढरी. ओळखायची खूण काय ती पानात. गुळगुळीत बाजू बाहेर असली तर आत अझुकी. शिरा उठलेली पाठ बाहेर असली तर मिसो. सासऱ्यांच्या वेळेपासून हे असंच चालत आलं होतं आणि गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

तिने आणखी एक मोची उघडली. गुळगुळीत पान, आत अझुकी. म्हणजे बरोबर. तिसरी उघडली. गुळगुळीत पान, आत मिसो.

"काय गं, सगळ्या तूच खाणार का?" किनुए म्हणाली.

बालवाडीत नाओ नावाची मुलगी होती. तिला सोयाबीन चालत नसे, थोडंसुद्धा. मिसो म्हणजे आंबवलेलं सोयाबीनच. दरवर्षी बालवाडीच्या पेटीत दोन्ही प्रकार अर्धे-अर्धे जायचे आणि दरवर्षी चिझुरू दारातच इवासे बाईंना सांगायची की नाओला गुळगुळीत पानाची द्या. आज सकाळीही सांगितलं होतं. बाईंनी हसून मान डोलावली होती. माहीत आहे हो, असं म्हणाल्या होत्या.

हे तिने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण थोरल्या नणंदेला तुमचं चुकलं असं तोंडावर म्हणायची सवय तिच्या जिभेला नव्हती. ती टेबलाशी बसली. पानं लावताना किनुएने काय हिशेब धरला होता, हे तिने आडून आडून विचारलं. किनुएला आधी त्यात खोच दिसली. ती म्हणाली, पानं नीट पुसली होती, फाटकी बाजूला काढली होती, तुझ्यापेक्षा घट्टच लावली असतील. चिझुरूने तसं नाही म्हणून पुन्हा विचारलं. मग किनुएच्या सासरच्या दुकानाची गोष्ट निघाली, सासूबाई पानं कशी भिजवत त्याची. चिझुरू ऐकत राहिली. एका हाताने तिने टेबलाची कड धरून ठेवली होती.

शेवटी किनुए म्हणाली, "आमच्याकडे तर मिसोलाच गुळगुळीत बाजू बाहेर. तुम्ही उलटं करता की काय?"

"वन्सं, बालवाडीच्या पेटीतल्या तुम्ही लावल्यात का?"

किनुएने पेला खाली ठेवला. सुरुवातीच्या मोचींना चिझुरूनेच पानं लावली होती. मग उकडीचं पातेलं खाली लागतंय म्हणून ती चुलीकडे धावली आणि बाकीच्यांना किनुएने लावली. पेटीत दोघींच्या मिसळल्या होत्या.

"तू सांगितलं नाहीस," किनुए म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

चिझुरूने बालवाडीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. या वेळी सगळे मोठ्या खोलीत गाणी म्हणत असणार, ऑफिसात कोणी नसणार. फोन किनुएच्या हातात देऊन, उचलेपर्यंत लावत राहा, असं तिने सांगितलं. गाडी नवरा घेऊन गेला होता, डोंगरावरच्या देवळात मिठाई पोहोचवायला. ती सायकलवर बसली.

आराकावा नदीवरच्या पुलावर वारा समोरून होता. मनात ती गणित मांडत होती. पेटीतल्या गुळगुळीत पानाच्या मोचींपैकी तिच्या किती असतील? निम्म्याहून थोड्या जास्त. तिने वरचा थर आधी भरला होता की खालचा? ते तिला आठवेना. नाओच्या वाट्याला चांगली मोची येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, असं उत्तर आलं. त्या उत्तराचा काहीही उपयोग नव्हता. तरी पूल संपेपर्यंत ती तेच पुन्हा पुन्हा काढत राहिली.

बालवाडीच्या अंगणात सणासाठी लावलेल्या, माशाच्या आकाराच्या कापडी पताका फडफडत होत्या. ऑफिसात फोन वाजत होता. मोठ्या खोलीत मुलं बुटक्या टेबलांभोवती बसून खात होती. ताटल्यांत पानं नव्हती. लहान मुलं पानंही चावतात म्हणून बाईंनी आधीच सोलून काढली होती. नाओ खिडकीजवळच्या टेबलाशी होती. तिची ताटली रिकामी होती.

"चिझुरूताई, काय झालं?" इवासे बाई उठून आल्या.

चिझुरूने श्वास आवरला. वाटेत तिने दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. एकात नणंद होती, एकात गर्दी होती. ती तिने टाकून दिली.

"आमच्याकडून पानं उलटी लागली. नाओने मिसोची खाल्ली असेल. खात्री नाही."

इवासे बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी दुसऱ्या बाईंना ऑफिसातली नाओची औषधाची पेटी आणायला पाठवलं, तिच्या आईला फोन करायला सांगितलं आणि स्वतः नाओसमोर गुडघ्यांवर बसल्या. चिझुरूही बसली. आत काय होतं, लाल की पिवळं, असं तिने विचारलं. नाओने विचार केला आणि गोड होतं म्हणाली.

"तोंड उघड बघू."

चिझुरू वाकली. अझुकीची सालं दातांत अडकतात; त्यांच्या पुरणात सालं ठेवलेली असत. नाओच्या दातांत काही नव्हतं. तिच्या श्वासाला मिसोचा वास होता.

हे तिने बाईंना सांगितलं. त्या नाओला उचलून शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या, चटईवर निजवलं आणि मांडीत टोचायचं इंजेक्शन हातात घेऊन बसल्या. दुसऱ्या बाई रुग्णवाहिकेला फोन करत होत्या. नाओ छताकडे पाहत होती. ती म्हणाली, ओठांना मुंग्या येतायत. मग गळ्याशी लाल चट्टे उठले. मग ती खोकली. कोरडा, कुत्र्याच्या पिल्लासारखा खोकला. त्या खोकल्यासरशी इवासे बाईंनी सुई मांडीत दाबली आणि आकडे मोजत धरून ठेवली. नाओ रडली. चिझुरूने तिचे पाय धरले होते. ते किती बारीक आहेत, एवढंच तिला जाणवत होतं.

रुग्णवाहिका आली तेव्हा नाओ अजून रडत होती. रडण्यासाठी तिला श्वास पुरत होता.

इस्पितळाच्या व्हरांड्यात चिझुरू उभी होती. अंगावर पिठाने माखलेला एप्रन तसाच होता. काही वेळाने नाओची आई शिनोबू बाहेर आली. ती बँकेतून थेट आली होती, गळ्यात ओळखपत्र होतं. श्वास सुधारतोय, असं ती म्हणाली, पण आज रात्री इथेच ठेवणार आहेत. चिझुरू कमरेत वाकली आणि वाकूनच राहिली.

"तुम्हाला कधी कळलं?" शिनोबूने विचारलं.

"दुकानात परत आल्यावर. एक खाल्ली तेव्हा."

"आणि लगेच निघालात."

हो म्हणणं सोपं होतं. शिनोबूला तेच ऐकायचं होतं, असंही वाटलं.

"नाही," चिझुरू जमिनीकडे पाहत म्हणाली. "आधी घरात विचारत बसले. आडून आडून. तेवढा वेळ गेला."

व्हरांड्याच्या टोकाशी लिफ्टचं दार उघडलं आणि किनुए बाहेर आली. तिने घरातल्याच चपला घातल्या होत्या. ती सावकाश चालत आली, चिझुरूच्या शेजारी उभी राहिली आणि तिच्याहून खाली वाकली.

"पानं मी लावली," ती म्हणाली. "हिने नाही."

शिनोबूने दोघींकडे पाहिलं. तिचा राग कुठे गेला नव्हता. तो तिच्या आवळलेल्या ओठांत दिसत होता. आतून नाओने हाक मारली, घोगऱ्या आवाजात. शिनोबूने दार अर्धं उघडलं.

"तिला झोप यायला लागलीये," ती मागे न बघता म्हणाली. "इथे बोलू नका. बसायचं असेल तर बसा."

दार लागलं. दोघी भिंतीकडेच्या बाकावर बसल्या. दारापलीकडून खोकला ऐकू आला. थोड्या वेळाने पुन्हा आला, पण आता ओला, साधा. किनुएने चिझुरूचा हात घट्ट धरला आणि तिसरा येतो का, ते दोघी ऐकत राहिल्या.