एका नामाला एक मूठ

सून शाल काढायला गेली, तशी सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"राहू दे गं. गारठा आहे इथे."

"आई, रक्त घेणाऱ्या बाईंना हात मोकळा लागतो. दोन मिनिटं."

शाल सुनेच्या मांडीवर आली. गेल्या दोन्ही वेळा ती सासूबाईंच्या अंगावरच होती. कोपराचा खळगा तेवढा बाहेर.

रक्त घेण्याची खोली अरुंद होती. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे. शाळेत गणित शिकवणारी सून दर वेळी ती दहा मिनिटं वजा करत होती आणि लगेच पुन्हा वर बघत होती.

या वेळी धसका पोटॅशियमच्या आकड्याचा होता. साखरेशी घराची वीस वर्षांची ओळख. तिचे रुसवेफुगवे सगळ्यांना पाठ. हा पाहुणा नवा. महिन्यापूर्वी पाच पॉइंट नऊ, परवा सहा पॉइंट एक. डॉक्टर कागद खालीवर करत म्हणाले होते, "किडनी निम्म्याहून कमी चालते आहे, म्हणून हे क्षार रक्तात साठतात. फार वाढले तर हृदयाचा ठोका चुकतो. ईसीजीचा आलेख मात्र चांगला आहे, त्याचंच मला नवल वाटतं. परत रक्त द्या. उतरलं नाही, तर त्याच दिवशी दाखल करू."

त्या 'त्याच दिवशी'साठी एक पिशवी भरून दाराशी ठेवली होती. दोन जोड कपडे, चष्मा, दातांची डबी.

परवा संध्याकाळी घरात वादळ झालं होतं.

"तू भाज्या नीट उकळतच नाहीस," नवरा म्हणाला होता. "क्षार निघून जायला पाणी दोनदा टाकायचं असतं."

"तीनदा टाकते! महिनाभर चोथा रांधतेय मी. तू एकदा तरी स्वयंपाकघरात डोकावलास का?"

ती भरल्या ताटावरून उठली, तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "तिला बोलू नकोस रे. डॉक्टरांनी नको म्हटलेली केळी खाल्ली मी. रोज एक. शेजारीण देते."

सुनेने जेवणाच्या नोंदींच्या चौकटीच्या वहीत लाल पेनाने लिहिलं: केळं, रोज एक. तेव्हापासून ती सासूबाईंशी कामापुरतं बोलत होती. शेजारणीला तर जिन्यातच सुनावलं होतं. ती बिचारी नुसती बघत राहिली.

रक्त काढणारी बाई पन्नाशीची, जाड भिंगाच्या चष्म्याची. तिने दंडाला पट्टा आवळला.

"भीती वाटते का आजी?"

"मला कसली? हिला विचार. तोंड बघ कसं एवढंसं झालंय."

बाई हसली, सुई उचलली आणि थांबली. सासूबाईंची मूठ मिटत होती, उघडत होती, पुन्हा मिटत होती.

"आजी, हे काय चाललंय?"

"नाम घेतेय. एका नामाला एक मूठ. मनात निसटतं गं, म्हणून हाताला लावून देते. पट्टा बांधला की आपोआप सुरू होतं."

"मागच्या वेळीही?"

"दोन्ही वेळा. शालीखाली."

बाईने सुई ठेवली, पट्टा सोडला आणि सुनेकडे वळली. "पट्टा बांधून अशी मूठ चालवली, की स्नायूंतलं पोटॅशियम त्याच रक्तात उतरतं. आकडा फुगतो. पाच मिनिटं हात सैल सोडून बसू दे यांना. मग घेते."

सासूबाई आपल्या उघड्या पंजाकडे बघत राहिल्या. "मग नाम कसं घेऊ?"

"तोंडाने घ्या की. इथे कोण रागावतंय?"

त्यांनी घेतलं. आधी लाजत, मग सुरात. सुनेने आपला हात त्यांच्या तळव्याखाली सरकवला. बोटं मिटायला बघत होती. तिने ती अलगद धरून ठेवली.

पुढचे दोन तास बाकड्यावर गेले. नवऱ्याचा फोन तीनदा आला. "आला का?" "नाही." "आला का?" "आल्यावर करते रे!"

कागद आला. चार पॉइंट आठ, पाचाच्या आत. सुनेने तो दोनदा वाचला आणि वरचं नावही ताडून पाहिलं.

"किडनी होती तशीच आहे," डॉक्टर म्हणाले. "तिला जपायचंच. पथ्य चालू ठेवा. पण दाखल व्हायला नको."

जिन्यात सुनेने सासूबाईंच्या खांद्यावर शाल घातली. दोन पायऱ्या उतरून ती थांबली.

"आई, शेजारीण खरंच केळी देत होती?"

सासूबाई पायाने पुढची पायरी चाचपत होत्या. "मला कुठे आवडतं गं केळं? गिळगिळीत."

"मग तसं का म्हणालात?"

"तो तुझ्या हाताला नावं ठेवत होता. तू भरल्या ताटावरून उठलीस." त्यांनी कठडा धरला. "खोटं बोलले म्हणून परवापासून शंभर नामं जास्तीची घेतेय."

सुनेने त्यांचा हात धरला. खाली रस्त्यावर रिक्षा उभी होती. ती रिक्षाकडे बघत होती, हलत नव्हती.

"घरात जायच्या आधी शेजारणीचं दार वाजवायचंय मला," ती शेवटी म्हणाली. "काय बोलू, सुचत नाहीये."

"तू बोल. मी मागे उभी राहते. नाम घेते."

सुनेच्या हातात ती बोटं मिटली, उघडली, मिटली. गणिताच्या बाई मोजत नव्हत्या.