मस्कतचं दोन खोल्यांचं घर

त्या गुरुवारी सकाळी बाबा अंगणात कॅनरी पाखराचा पिंजरा धूत होते आणि मी आत फोनवर पगाराची घासाघीस करत होते.

फोन मस्कतचा होता. तिथे समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात मला जागा मिळत होती. दुसरी जागा तेहरानला, धरणांची कामं करणाऱ्या एका कचेरीत. आठवडाभर दोन्हीकडचे फोन येत होते आणि बाबांना त्यात स्थळ बघण्याच्या बोलण्यांसारखी मजा वाटत होती. उभं आयुष्य त्यांनी यज्दच्या बाजारात तिरमेचं, म्हणजे जरीचं कापड विकलं. दुकान दुसऱ्याला दिल्यापासून घासाघीस करायला त्यांना माणूसच उरलं नव्हतं.

मी फोन ठेवला तसे ते ओले हात झटकत दारात आले.

"काय म्हणाली ती शम्साबाई?"

"रविवारी लेखी कळवते म्हणाली."

"आणि तू?"

"मी गप्प बसले."

"किती वेळ?"

"ती हॅलो हॅलो करायला लागेपर्यंत."

"शाब्बास, फरानक! बापाचं नाव राखलंस." ते उंबऱ्यावरच बसले. "आणि तेहरानवाला?"

"ते म्हणतात, आपण काय घरचेच, पगाराचं काय घेऊन बसलात, तुम्ही म्हणाल तो आकडा."

बाबा खो खो हसले. "म्हणजे दमडी द्यायची नाही मेल्याला. आकडा सांग एकदा, फोन ठेवून पळेल."

"सांगितला. देतो म्हणाले."

"देतो म्हणाला?" त्यांचं हसू जरा रेंगाळलं आणि मग गेलं. "मग चांगला माणूस आहे." उठता उठता म्हणाले, "तेहरान बरं. गाडीत बसलीस की दुसऱ्या दिवशी घरी."

"मस्कतही काही फार लांब नाही, बाबा."

"नाही, नाही. तुझं तू ठरव. माझा विचार करू नको." आणि ते पिंजऱ्याकडे गेले.

मी त्यांचाच विचार करत होते. तेहरानचा पगार मस्कतपेक्षा बरा होता, पण तिथे घर आपलं आपण शोधायचं होतं आणि भाड्यात बराचसा पगार गेला असता. बाबांना नेऊन ठेवावं अशी जागा मला परवडली नसती. मस्कतची कंपनी राहायला घर देत होती, पण एकट्या माणसाचं, एका खोलीचं. मी दोन खोल्या मागत होते आणि बरोबर वडिलांचा व्हिसा. शम्सा म्हणे, तसं फक्त नवरा आणि मुलांसाठी असतं. त्या सकाळी मी तिला सांगितलं की पगारातलं वाढवलेलं सगळं परत घ्या, मला खोली द्या. आणि मग गप्प बसले.

हे मी बाबांना सांगितलं नाही. त्यांच्याच दुकानातला नियम होता: फळीवर नसलेल्या कापडाचं गिऱ्हाईकापुढे नाव काढायचं नाही. खोली हातात आली की नीट बसून विचारायचं, असं मी ठरवलं होतं.

एकदा विचारून झालं होतं, पण ते सहज. सोमवारी आम्ही भाजी निवडत होतो तेव्हा मी म्हटलं, "बाबा, तुम्हीपण चला ना मस्कतला."

"मी? मी काय करू तिथे? खारं पाणी पिऊ?"

मी हसले, आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

आमच्या गावात पहिल्या 'नाही'ला कोणी 'नाही' मानत नाही. दुसऱ्यालाही नाही. पाहुणा चहा नको म्हणाला म्हणून किटली खाली ठेवणारा माणूस यज्दमध्ये अजून जन्माला यायचा आहे. तिसऱ्यांदा विचारायचं, मग जे उत्तर येईल ते खरं.

गुरुवारी दुपारी जेवताना बाबांनी त्या परदेशी मुलीची गोष्ट काढली. मी ती लहानपणापासून ऐकत आले होते. एक सोनेरी केसांची मुलगी दुकानात आली, तासभर बसली, चहा प्यायली, सगळ्यात भारी तुकडा निवडला. किंमत विचारली तेव्हा बाबा रिवाजाप्रमाणे म्हणाले, "तुमच्यापुढे त्याची काय किंमत? तुमचाच आहे, घेऊन जा."

"आणि तिनं घेतला!" बाबांनी पोळी ताटात टाकली. "छातीवर हात ठेवून आभार मानले, आणि घेऊन गेली की! मी आपला उभा. शेजारचा म्हणतो, अहो धावा, पकडा तिला. मी म्हटलं, कसा धावू? मीच दिलाय ना!"

"बिचारीला काय माहीत," मी नेहमीप्रमाणे म्हणाले.

"तिला कसं माहीत असणार," बाबा म्हणाले. "ती कुठे इथली होती." आणि माझ्याकडे बघून त्यांनी पुन्हा पोळी उचलली.

मी भाताची खरवड त्यांच्या ताटात वाढली. माझं सगळं लक्ष रविवारकडे होतं.

शुक्रवारी दुपारी बाबा जेवून आडवे झाले. चहा झाला म्हणून मी हाक मारायला गेले, तेव्हा ते गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

रविवारी घर माणसांनी भरलं होतं. स्वयंपाकघरात बायका हलवा ढवळत होत्या आणि केशराचा वास जिन्यापर्यंत गेला होता. फोन वाजला म्हणून मी पाहिला. शम्सानं लिहिलं होतं: दोन खोल्या मंजूर, वडिलांचा व्हिसा मंजूर, पगारही ठरल्यापेक्षा थोडासाच कमी. मी फोन पालथा ठेवला आणि ताटल्या पुसायला घेतल्या.

संध्याकाळी पांगापांग झाल्यावर शेजारच्या तूबा खानम मागे राहिल्या. त्यांनी मला लहानाचं मोठं होताना पाहिलंय. त्या पिंजऱ्यापाशी उभ्या होत्या.

"पोरी, हा मी नेऊ का आजपासून? की इथेच येऊन दाणे घालत जाऊ?"

"मी आहे की अजून, खानम."

"तसं नव्हे गं. तुझ्या बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून विचारते. मंगळवारी आले होते. म्हणाले, मी फरानकबरोबर मस्कतला गेलो तर पाखरू सांभाळाल का? मी म्हटलं, अहो, काल तर सांगत होतात की तिला नाही म्हणालो. तर मलाच म्हणतात, खानम, तुम्ही कुठल्या गावच्या? एकदाच तर नाही म्हणालोय. पोरगी यज्दची आहे, अजून विचारेल." त्यांनी डोळ्याला ओढणीचं टोक लावलं. "बुधवारी परत आले. मी म्हटलं, काय, विचारलं का? म्हणाले, कामात आहे ती. विचारेल."

मी म्हटलं, "पिंजरा तुम्हीच न्या."

त्या गेल्यावर ती परदेशी मुलीची गोष्ट मला पुन्हा आठवली. या वेळी मी ती शेवटपर्यंत ऐकली: 'ती कुठे इथली होती.'

दोन आठवड्यांनी मी तेहरानला नकार कळवला. साहेब म्हणाले, असं कसं, आपण घरचेच, पुन्हा विचार करा, वाटल्यास आकडा वाढवू. त्यांनी मला तीनदा विचारलं. चांगला माणूस, बाबा बरोबर म्हणाले होते.

मग शम्साचा फोन आला. कोणीतरी तिला बातमी दिली होती. तिनं माझं सांत्वन केलं, अगदी मनापासून. नंतर जरा अडखळत म्हणाली, "आता एका खोलीचं घर चालेल ना तुम्हाला? पगारातलं कापलेलं मी सगळं परत मिळवून देते."

"दोन खोल्यांचंच राहू द्या."

"पण फरानक, आता दुसऱ्या खोलीत कोण..."

मी गप्प बसले. ती हॅलो म्हणाली नाही. तीही गप्प बसली, आणि मग म्हणाली, "ठीक आहे. खिडकी समुद्राकडे आहे त्या खोलीला."

चाळिसावा दिवस झाला आणि कबरीवर दगड बसला. जाण्याआधीच्या गुरुवारी दुपारी मी एकटीच गेले. गुलाबपाणी ओतून दगड हातानं पुसला, खजूर बाजूला ठेवला. आमच्याकडे कबरीपाशी बसलं की दोन बोटांनी दगडावर टकटक करतात, आत कोणी असावं तशी. मी टकटक केली. दगड उन्हानं तापलेला होता.

"बाबा," मी म्हटलं, "मस्कतला चला ना माझ्याबरोबर."

पलीकडे एक कुटुंब कलिंगड कापत बसलं होतं. त्यांच्यातल्या म्हातारीनं वळून पाहिलं आणि पुन्हा मान फिरवली. बाबांना नाही म्हणायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा मी थांबले. मग पुन्हा टकटक केली.

"नाही म्हणू नका, बाबा. तुमच्यासाठी वेगळी खोली मागून घेतली आहे. चला."