आर्वल

थर्झाने पावावरची सुतळी सोडली, पण सुरी लावली नाही. सकाळी तिच्या वडिलांच्या दफनाला आलेल्या प्रत्येकाच्या हातात शेजारच्या लँटीने असा एकेक पाव दिला होता, घरी जाऊन खायला. हा तिच्या वाट्याचा.

"खा की पोरी. विष नाही घातलं," टेबलापलीकडून लँटी म्हणाला.

वडिलांनी चाळीस वर्षं खोऱ्यातले जुने शब्द चिठ्ठ्यांवर उतरवले होते. दुपारी संग्रहालयाचा माणूस त्या चिठ्ठ्यांची खोकी न्यायला येणार होता. थर्झाने एक चिठ्ठी काढली.

'आर्वल. पाचशे वर्षांमागच्या कागदांत सापडतो. मूळ समुद्रापलीकडून आलेल्या लोकांचा: मेलेल्याच्या वारसाने पाजायची बिअर. पुढे ते जेवण. शेवटी नुसता पाव.'

खाली 'कोणी ऐकला' ही ओळ रिकामी. बोलण्यात ऐकल्याची साक्ष नसेल, तर वडील तो शब्द मेलेल्यांच्या गठ्ठ्यात टाकत. आणि आपली साक्ष आपण लिहायची नाही, दुसऱ्याने लिहायची.

"तुम्ही का नाही दिलीत साक्ष, काका?"

"आम्ही नुसतं पावच म्हणायचो. हा शब्द तुझ्या बापानेच मला शिकवला, मग माझी साक्ष कशी चालणार? म्हणायचा, लँटी, तुझ्याकडून शिव्याच घ्याव्यात."

थर्झा हसली नाही. नोव्हेंबरातल्या एका रविवारी वडिलांचा फोन आला होता. आजोबा गेले तेव्हा मी जहाजावर होतो, तू स्वयंपाकघरात होतीस. आजी त्या पावाला काय म्हणायची गं? तिच्यापुढे तपासायच्या पेपरांचा ढीग होता. आठवतं म्हटलं असतं, तर तासभर प्रश्न चालले असते.

"आठवत नाही, बाबा," ती म्हणाली होती.

"बरं बरं. राहू दे."

तिने वडिलांचं पेन लँटीपुढे सरकवलं.

"लिहा, काका. मी सात वर्षांची. आजी म्हणाली, 'आर्वल पडू देऊ नकोस गं, दोन्ही हातांनी धर.'"

लँटीने तिच्याकडे पाहिलं. मग जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढत राहिला.

"अन् सांगितल्याचा दिवस?"

वडिलांच्या फोनचा तो रविवार तिच्या ओठांवर आला. लँटीने तोही मुकाट्याने लिहिला असता.

"आजचा," ती म्हणाली.

लँटीने शाईवर फुंकर घातली. थर्झाने पाव उचलला, दोन्ही हातांनी.