पिवळा दोरा लाल कसा झाला?

हॉलमध्ये मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. सोसायटीतल्या झाडून साऱ्या आया आपापल्या वयात आलेल्या पोरांना बखोटीला धरून आल्या होत्या. स्टेजवर दोरेमहाराज पिवळ्या दोऱ्यांचं भेंडोळं फिरवत होते.

"मायबाप हो! पोरांशी त्या विषयावर बोलायची लाज वाटते ना? मग बोलूच नका! हा दोरा बोलेल! पोर घसरलं की दोरा लाल! आणि पिवळा आहे तोवर दिवस जायची चिंता नाही. लाल झालाच, तर माझं मंत्रजल आहे. शिंपडलं की पुन्हा पिवळा!"

बोलायचंच नाही म्हटल्यावर आयांना केवढं हायसं वाटलं!

डॉक्टरीणबाई मात्र मागे उभ्या राहून धुमसत होत्या. त्यांच्या बहिणीने सकाळी फोनवर रडून आकाशपाताळ एक केलं होतं. मागच्या आठवड्यात महाराजांनी बांधलेला तिच्या सतरा वर्षांच्या लेकीचा दोरा लाल झाला होता, आणि 'उद्यापासून कॉलेज बंद' असा हुकूम सुटला होता. पोरगी शपथा घेऊन थकली होती. आताही हॉलमध्ये आईच्या शेजारून उठून ती मागे मावशीकडे, म्हणजे डॉक्टरीणबाईंकडे, आली.

"मावशी, मी काहीच केलं नाही गं! नुसती भांडी घासली."

"आणि दादाचा दोरा?"

"पिवळाधमक! तो कधी कशाला हात लावतो का?"

मावशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हॉलच्या मोरीतून त्यांनी साबण आणि पाण्याची बादली उचलली आणि थेट स्टेज गाठलं.

"ज्यांनी दोरा बांधलाय त्यांनी पुढे या. हात धुवायचे आहेत."

पहिल्या आल्या सोसायटीतल्या एक आजी. नातीला सोबत म्हणून त्यांनीही दोरा बांधला होता. साबणाचा फेस लागला मात्र, दोरा लालभडक!

"अगंबाई! आजी, तुम्हीसुद्धा?" कुणीतरी किंचाळलं.

"गप बस मेले! गुडघे उचलत नाहीत माझे, घसरू कधी?"

मग पोरांना धडा म्हणून दोरा बांधलेले हेडमास्तर लाल झाले. इस्त्रीवाला लाल झाला. महाराज मागच्या दाराने सटकत होते, तेवढ्यात आजींनी त्यांचं दोरा बांधलेलं मनगट धरून फेसाळ बादलीत बुचकळलं. महाराजही लाल! हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली.

"हळदीने रंगवलेला दोरा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हळदीला साबण लागला की ती लाल होते. आणि हे मंत्रजल हुंगून बघा, चक्क लिंबाचं पाणी! आंबट लागलं की पुन्हा पिवळी. घरात राबतो त्याचा दोरा लाल. आमच्या भाच्याचा पिवळा राहिला, कारण तो पक्का आळशी आहे."

दादा खुर्चीत आणखी खाली घसरला.

तेवढ्यात मागून एका मुलीचा बारीक आवाज आला, "पण पिवळा असला की दिवस जात नाहीत, एवढं तरी खरं ना?"

हॉलमधलं हसू जागच्या जागी थिजलं. साऱ्या आया एकमेकींकडे बघू लागल्या.

"नाही गं बाळा, ते साफ खोटं," डॉक्टरीणबाई जवळ येऊन म्हणाल्या. "पहिल्याच वेळीही दिवस जाऊ शकतात. म्हणून घाई नको. मन तयार नसेल तर सरळ नाही म्हणायचं, आणि समोरच्याने ते ऐकायचं. हे मुलांनाही सांगतेय. पुढे मोठेपणी ती वेळ आली तर निरोध आहे, गोळ्या आहेत. कुठलं साधन कसं वापरायचं, ते डॉक्टरांना विचारायचं. आणि काही चुकलंच, तर लपवत बसू नका, लगेच दवाखान्यात या. मी रागावणार नाही."

बहीण खाली मान घालून ऐकत होती. तिने लेकीच्या मनगटावरचा दोरा सोडला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "उद्या कॉलेजला जा. दोऱ्यावर विश्वास ठेवला आणि तुझ्यावर नाही ठेवला."

"आई, मग तुला काही विचारू?"

आईचे कान लालबुंद झाले. साबण न लावताच! पण ती उठली नाही.

"विचार," ती म्हणाली. "मला नाही आलं, तर मावशीला विचारू. पण महाराजांना नको."

मायबाप हो, पोरांना दोरे बांधू नका. त्यांच्याशी बोला.