शब्द, अर्थ, उदाहरण

डिक्शनरी सरांच्या क्लासात माणूस इंग्रजी शिकायला यायचा आणि पोपट होऊन बाहेर पडायचा. रीत ठरलेली होती. सर फळ्यावर एक जड शब्द लिहीत, त्याखाली अर्थ, त्याखाली उदाहरणाचं वाक्य, आणि मग सगळी खोली ते वाक्य घोकत बसे. वाक्यं सरांचीच. त्यात कुणी जेवत नसे, भांडत नसे, घामाघूम होत नसे. नुसते धोरणांचे परिणाम होत, तेही दूरगामी.

मागच्या बाकावरची कवळीवाली हे ऐकून मनातल्या मनात नाक मुरडायची. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आता तिला विद्यापीठात त्याच विषयाचा पुढचा अभ्यासक्रम करायचा होता. दारातच इंग्रजीची तोंडी परीक्षा आडवी पडलेली, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, म्हणून ती तिथे बसली होती.

घरी बाबा तिची उजळणी घेत. इंग्रजीचा गंध नाही, पण आयुष्य बसमध्ये कंडक्टरकीत गेलेलं, त्यामुळे तिकीट तपासावं तसं दरडावत. "शब्द? अर्थ? उदाहरण? उदाहरण नाही? मग उतरा खाली!"

एकदा सरांचा घसा बसला. त्या दिवशी ते म्हणाले, आज उदाहरण आपापलं लिहा. शब्द होता 'रिस्टोर': गेलेलं पूर्ववत करणं. कवळीवालीने लिहिलं, 'अपघातात दात गेल्यापासून माझे वडील भिंतीकडे तोंड करून जेवत. मी त्यांना दात करून दिले आणि ते आमच्यात परत आले.' यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. आजही बाबा कवळी काढायची तर आधी दाराला कडी लावत. त्यांचं बोळकं तोंड आईनेसुद्धा पाहिलं नव्हतं.

सरांनी कागद वाचला आणि बसलेल्या घशाने हसले. "बाई, विद्यापीठात दात काढायला जायचंय का?" वर्ग खिदळला. कागद मात्र सरांनी खिशात घातला.

परीक्षेच्या दिवशी बाबा सोबत आले आणि बाहेरच्या बाकावर पिशवी सांभाळत बसले. आत टेबलापलीकडे तिघे परीक्षक, मधोमध चष्मेवाल्या बाई. त्यांनी विचारलं, हे शिक्षण कशासाठी हवंय? कवळीवालीने सुरुवात केली, "माझे वडील भिंतीकडे तोंड करून..."

"...जेवत," बाईंनी वाक्य पुरं केलं. "मग तुम्ही दात करून दिले आणि ते परत आले. सकाळपासून हे पाचवे वडील. एकाला तर अर्थशास्त्र शिकायचंय, त्याच्याही बापाला दात नाहीत. त्या क्लासला सांगा, निदान बाप तरी बदलत जा."

बाकीचे दोघे हसले. सरांच्या खिशात गेलेला कागद तिला आठवला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्याने तिचा बाप इतर बॅचना घाऊक भावात वाटला होता! बाईंनी पेन उचललं. कागदावर ते पेन टेकलं की संपलं, हे तिला कळत होतं. ती उठली, दार उघडून म्हणाली, "बाबा, जरा आत या."

बाबा आले. पण पुढचं तिच्या तोंडून फुटेना. हे कसं मागायचं आणि कोणत्या तोंडाने? बाबांनी तिचा लालबुंद चेहरा पाहिला, हसणारे दोघे पाहिले. "कशावर अडलंय?"

"उदाहरणावर. ते म्हणतात, खोटं आहे."

बाबा क्षणभर दाराकडे बघत राहिले. तिला वाटलं, आता बाहेर जातील, आणि गेले तरी ती त्यांना बोल लावणार नव्हती. त्यांनी पिशवी खाली ठेवली, तोंडात बोटं घातली, कवळी काढली आणि बाईंच्या कागदांवर ठेवली. गाल आत गेले, बाबा एकदम म्हातारे झाले. "घ्या," ते बोबडं बोलले, "उदाहरण."

कुणी हसलं नाही. मग कवळीवाली बोलली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, काळांची खिचडी करत, सरांचा एकही शब्द न वापरता, आणि बोलताना कवळी बाबांच्या हातात देऊन त्यांच्यासमोर आडोशासारखी उभी राहिली, म्हणजे त्यांना निवांत पाठ फिरवून दात बसवता यावेत.

निकाल लागला, तिची निवड झाली. सरांचा तातडीने फोन आला. "अभिनंदन! आपल्या फलकावर फोटो लावतोय हं. तेवढं आत नेमकं काय बोललात ते सांगा, पुढच्या बॅचला उपयोगी पडेल."

"लिहून घ्या, सर," कवळीवाली म्हणाली. "येताना ज्याने त्याने आपापला बाप घेऊन यावा."